टाळू उचलू नये

माय, तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. दिवंगत व्यक्तीशी पत्रव्यवहार करणे माझ्यासारख्या विज्ञाननिष्ठ, करदात्या व मधुमेही गृहस्थाला शोभत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय तुला वाचता येत नव्हते. तू हयात असतीस तरी हे पत्र मलाच मोठ्याने वाचून दाखवावे लागले असते आणि तिसऱ्या वाक्याला तू म्हणाली असतीस, "इतकं लंबं कावून बोलून राहिला रे शास्त्री? सिद्धं सांग ना." शाळेत संस्कृतचे बक्षीस मिळाले त्या दिवसापासून तू मला शास्त्री म्हणत आलीस. त्या संबोधनात आदर किती आणि उपहास किती, याचे पृथक्करण मला कोणत्याही प्रयोगशाळेत करता आले नाही. तेव्हा सिद्धं सांगतो. माझ्यापुढे एक कोरा कागद आहे. सोमवारपर्यंत त्यावर अर्धे पान मजकूर लिहून द्यायचा आहे. मजकूर तुझ्याविषयी आहे, पण तुझे नाव त्यात येणार नाही. सदराचे शीर्षक 'हानिकारक प्रथा' असे आहे.

मी आता अमरावतीला आरोग्य खात्यात बसतो. अंगणवाडी सेविकांसाठी लहान मुलांच्या हगवणीवर एक पुस्तिका निघत आहे. माझे मराठी भारदस्त आहे असा कार्यालयात एक प्रवाद आहे आणि तो पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. विषाणूंचे प्रकरण मी एका बैठकीत लिहून टाकले. तान्ह्या मुलांच्या उलट्या-हगवणीमागे बहुतेक वेळा विषाणू असतात. त्यांत चाकाच्या आकाराचा रोटा नावाचा विषाणू अग्रणी. तो मुलाच्या विष्ठेतून हाताला आणि हातातून दुसऱ्या मुलाच्या तोंडाला असा प्रवास करतो. प्रतिजैविकांना तो भीक घालत नाही. आणि बाळ दगावते ते प्रामुख्याने अंगातले पाणी संपल्याने. सारे निर्दोष. मग आमच्या डॉक्टर मॅडम, वयाने तुझ्या नातीपेक्षा थोड्याच मोठ्या, म्हणाल्या, "सर, एक पान हानिकारक प्रथांवर पण टाका ना. ते टाळू उचलणं वगैरे. तिकडे डोंगरात, धारणीकडे अजून करतात म्हणे." त्या 'म्हणे'वर मी गांभीर्याने मान हलवली. ज्या मांडीवर मी वाढलो त्याच मांडीवर अर्ध्या बडनेऱ्याच्या टाळू उचलल्या गेल्या, हे मी त्यांना सांगितले नाही.

आता जे लिहिणार आहे ते तुला आवडणार नाही, आणि तरीही मी लिहिणार आहे. आपल्या भाषेत 'टाळू' हा एकच शब्द दोन स्थळांना लावतात. एक टाळू डोक्यावर. तान्ह्या मुलाच्या कवटीची हाडे अद्याप जुळलेली नसतात, तिथली ती मऊ, धडधडणारी जागा, जिथे तू तेल जिरवायचीस. दुसरी टाळू तोंडात. जिभेच्या वरचे छत, जिथून च, छ, ज, झ हे तालव्य वर्ण उगम पावतात. मुलाला हगवण लागली, अंगातले पाणी गेले, की डोक्यावरची टाळू खोल जाते. हे निरीक्षण बिनचूक आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांतही ते आहे. परंतु पुढची पायरी पाहा. खोल गेलेली टाळू वर आणायची तर कुठून ढकलायची? जिचे नाव टाळू, तिथून. म्हणून तू मुलाच्या तोंडात बोट घालून आतली टाळू वर दाबायचीस. श्लेष हा अलंकार मी शाळेत दोन गुणांसाठी शिकलो. त्याचा असा शारीरिक प्रयोग मी अन्यत्र कुठेही पाहिलेला नाही. आणि तू तर टाळू म्हणतही नव्हतीस. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे 'ळ'चा 'य' करून 'टायू' म्हणायचीस. मी एकदा तुला हा सगळा शब्दविवेक समजावून सांगितला होता. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "गुंडाले पोचा पडला तं आतूनच ठोकतेत ना? वरून ठोकला तं अजून दबन. लेकराचं डोक्सं बी गुंडच आहे."

त्यावरचे उत्तर मला आता सुचते आहे: लेकराचे डोके हे पाण्याचे गुंड, म्हणजे घागर, आहे, इथपर्यंत तुझे बरोबर; पण त्या गुंडाला पोचा पडलेला नव्हता, ते रिकामे झालेले होते. उत्तराला वीस वर्षे उशीर झाला आहे, तेवढा उशीर शास्त्रात चालतो.

तुझी पद्धत मला डोळे मिटूनही दिसते. हिवाळ्याची सकाळ, पत्र्यावरून दव ठिबकते आहे, आणि कापूस वेचायला निघालेली एखादी बाई डोक्याला फडके बांधून दारात उभी आहे. कडेवर मूल. मुलाचे डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. "पाहा ना वं काकू, टायू बसली वाटते." तू न्हाणीत जातेस, चुलीच्या राखेने कोपरापर्यंत हात घासतेस. मी तुला साबण आणून दिला होता. तो तू पाहुण्यांसाठी ठेवलास. मग पाय लांब करून बसतेस, मूल मांडीवर उताणे, आणि अंगठ्याशेजारचे बोट तोंडात जाते. एक झटका. मूल किंचाळते. तू बोट बाहेर काढून पदराला पुसतेस. आधी राख, नंतर पदर: शास्त्रीय दृष्टीने क्रम अर्धवट होता, कारण आलेल्या मुलाला तुझ्यापासून धोका नव्हता, नंतर न धुतलेल्या बोटापासून घरातल्यांना होता. हे मी तुला तेव्हाही सांगितले. पण माय, जे मी तेव्हा पाहिले आणि मला दिसले नाही ते याच्या नंतरचे आहे. त्या बाईला तू म्हणायचीस, "जाय तू वेचाले. लेकरू ठेव इथंच. मुतल्याबिगर मी याले उठू देत नाही." आणि बाई जायची. जावेच लागे. ती वर्षे कशी होती ते तुला सांगायला नको. आपला भाग वर्तमानपत्रांत 'आत्महत्याग्रस्त' या विशेषणाशिवाय छापून येत नसे, आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घरातल्या बाईला आजारी मुलाजवळ बसायला एक दिवस मिळत नसे. मोठ्या गाड्यांतून समित्या येत, शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून कपाशीची बोंडे हातात घेत, छायाचित्रे काढून घेत. वेचणीच्या ऐन हंगामात अकोल्याच्या दवाखान्यात तान्ही मुले ओळीने का येतात, हे कुणी विचारल्याचे मला स्मरत नाही. तू विचारत नव्हतीस, पण बसायचीस. भाताची पातळ पेज, चिमूटभर मीठ, आणि वाटी-चमचा. एक चमचा, मग थांबणे, मग एक चमचा. मुलाने ओकून टाकले तर जरा थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. दुपार कलेपर्यंत. लुगडे ओले झाले की तू साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात घोषणा करायचीस, "मुतलं वं बाई! टायू आली जाग्यावर!" या सेवेबद्दल तू कुणाकडून कपभर चहासुद्धा घेतला नाहीस. घेतला तर हाताचा गुण जातो, असा तुझा सिद्धान्त होता.

मी त्या काळी बडनेरा ते अकोला अप-डाऊन करीत असे. एका बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझे स्थान होते. तू शेजारणींना सांगायचीस, "शास्त्री दवाखान्यात मोठा आहे." मी तिथे नेमके काय तपासतो, हे तू सांगत नव्हतीस आणि मीही नाही. परिचयपत्रावर 'बालविष्ठापरीक्षक' असे छापून घेण्याचा विचार माझ्या मनात एकदा आला होता. तुझ्या सुनेने तो हाणून पाडला. त्या रोटा विषाणूसाठी आमच्याकडे एक साधी चाचणी आलेली होती. काचेवर नमुन्याचा थेंब आणि औषधाचा थेंब एकत्र हलवायचा. विषाणू असेल तर तो द्रव नासलेल्या दुधासारखा दाणेदार होई. पहिल्यांदा ते दाणे उमटलेले पाहिले त्या संध्याकाळी मी घरी येऊन तुला व्याख्यान दिले. तू भाकरी थापत होतीस.

"माय, दातामुळे हगवण लागत नाही. टाळूमुळे बी नाही. विषाणू असतो."

"कसा दिसते तो?"

"चाकासारखा. पण दिसत नाही."

"तुमच्या त्या दुर्बिणीतून?"

"त्यातूनही नाही. त्याला फार मोठं यंत्र लागते. ते आमच्याकडे नाही."

भाकरी तव्यावर पडली. तू हात झटकलेस. "म्हंजे तुले बी दिसत नाही, मले बी दिसत नाही. मंग तुयंच खरं कावून?"

तुझी सून पदर तोंडाला लावून हसली. दोघींच्या त्या मूक युतीपुढे आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र त्या संध्याकाळी पराभूत झाले. पण माझेच खरे होते, माय. आजही आहे. पेजेचे श्रेय मी तुला देतो, बोटाचे देणार नाही. हल्ली मोबाईलवर असले संदेश फिरतात, की आपल्या आज्यांना सारे विज्ञान आधीच ठाऊक होते. तुझ्या नावाने कुणी असले काही लिहिले तर मी त्याच्या घरी जाऊन भांडेन. तुला ठाऊक नव्हते. तुला मूल मांडीवरून खाली ठेववत नव्हते, एवढेच होते.

आता त्या आठवड्याकडे येतो, ज्याच्याभोवती मी इतका वेळ अलंकारिक प्रदक्षिणा घालतो आहे. तुझी नात दहा महिन्यांची होती. खालचे दोन दात आलेले, वरचे शिवशिवत होते. हाताला येईल ते चावायची. सोमवारी सकाळी शेजारची भाबी आली होती, तीच, जिच्या घरी कापूस पिंजून रजया भरायचे काम चाले. तिच्या नातवाला हगवण लागली होती. "बाई, जरा देखो ना, पोट्टे का तालू एकदम बैठ गया," असे म्हणत तिने मूल तुझ्या मांडीवर ठेवले. मी गाडी गाठायच्या घाईत होतो, तरी दारातून ओरडलो, "माय, बोट घालू नको!" तू घातलेस. बुधवारी पहाटे आपल्या पोरीने उलटी केली. दुपारपर्यंत पाण्यासारखे जुलाब. मी रजा टाकून घरीच होतो. सोमवार ते बुधवार: विषाणूला अंगात रुजायला लागणारा काळ जवळपास एवढाच असतो. गणित सुटले होते. सुटलेले गणित मोठ्याने सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जन्मजात दोष तुला ठाऊकच आहे.

तू न्हाणीतून आलीस, हात कोपरापर्यंत राखेने पांढरे. "दातं येऊन राहिले तिले, त्याचंच आहे. आण इकडे पोरीले. टायू पाहतो."

मी मध्ये उभा राहिलो. राग आला की मी प्रमाण मराठीत जातो. मी तुला म्हणालो, "तिला हात लावू नकोस. या संसर्गाचा स्रोत तू आहेस."

तुझी सून म्हणाली, "अहो, चूप बसा ना."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मग विचारलेस, आणि तुझ्या विचारण्यात राग मुळीच नव्हता, "स्रोत म्हंजे काय रे?"

तिथे मला थांबता आले असते. शब्द कठीण होता, त्याने कुणाला लागले नव्हते. संस्कृत भाषेचा एक मोठा गुण असा की तिच्यात केलेला आघात अनुवाद होईपर्यंत पोहोचत नाही. मी अनुवाद केला. "म्हंजे तुया बोटानं आणलं हे. सोमवारी त्या पोट्ट्याच्या तोंडात घातलेलं बोट घरात फिरवलं तू."

माय, प्रत्येक वादात शेवटचा शब्द तुझा असे. त्या दिवशी मात्र तू आपले बोट पाहिलेस. उलटून पाहिलेस, पुन्हा सुलटे पाहिलेस, जणू त्यावर ते चाक कुठे दिसते का ते शोधत होतीस. मग न्हाणीत परत गेलीस, आणि यावेळी पाहुण्यांसाठी ठेवलेला साबण उघडल्याचा कागदाचा आवाज मी ऐकला. बाहेर येऊन दारातूनच विचारलेस, "मंग चमचा तरी लावू काय?"

मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात होते हे मला पुढे कळले. मी म्हणालो, "चमचा उकळून घे."

तू उकळलास. मी आणलेली जलसंजीवनीची पुडी हातात घेऊन विचारलेस, यात काय असते. साखर आणि मीठ मुख्यतः, मी म्हणालो. "मंग इतकं मोठं नाव कावून?" एवढे एकच वाक्य त्या दिवशी तुझ्यासारखे होते. बाकी दिवसभर तू तिला मांडीवर घेऊन बसलीस आणि चमचा चमचा पाजलेस, सून अधूनमधून अंगावर पाजून परत तुझ्याकडे देत होती. मी सलाईनसाठी डॉक्टरांकडे धावलो. ते घरी आले, पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली, तोंडात ओल आहे का ते पाहिले, आणि म्हणाले, "सलाईन कशाला? आजी जे करून राहिल्या तेच करा." तिन्हीसांजेला तुझे लुगडे ओले झाले. तू घोषणा केली नाहीस. सुनेला हलक्या आवाजात म्हणालीस, "झालं हो." पोर वाचली. आज ती तुझ्याइतकेच उलट बोलते.

त्यानंतर तू कुणाचीही टाळू उचलली नाहीस. मी विजयी झालो होतो. त्या वर्षांत आपल्या भागात विजयी झालेले लोक फार नव्हते, म्हणून मी तो विजय बरेच दिवस पुरवून वापरला. महिन्याभराने भाबी पुन्हा आली, या वेळी धाकटी नात घेऊन. मी रविवारचा घरीच होतो, आतल्या खोलीत.

"बाई, इसका भी तालू देखो ना."

"आता नाही पाहत मी, भाबी."

"कायकू? हमसे कुछ गलती हो गई क्या?"

"नाही वं. शास्त्री म्हणते माया बोटात इख आहे."

भाबीने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतले. "तो कहाँ ले जाऊँ?"

"मोठ्या दवाखान्यात ने."

विषाणूचे तू इख, म्हणजे विष, करून टाकले होतेस; मी आतून हे ऐकत होतो आणि मला समाधान वाटत होते. प्रबोधन यशस्वी झाले होते. मला उठून बाहेर जाता आले असते. म्हणता आले असते, की माय, बोट नको, पण मांडी दे. भाबी, मुलीला इथे ठेव, वाटी-चमचा चालू दे. ते बोलणे ऐकणाऱ्या तीन माणसांपैकी हे ज्ञान असलेला मी एकटाच होतो आणि मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो. तू टाळू उचलणे सोडलेस त्याबरोबर बसणेही सोडलेस, कारण तुझ्या लेखी ते एकच काम होते. कोणता अर्धा भाग औषध होता हे तुला कुणी सांगितलेच नाही.

भाबीने पोरीला कोपऱ्यावरच्या सुईवाल्याकडे नेले, त्याने एक इंजेक्शन दिले आणि पाणी बंद करायला सांगितले. तिसऱ्या दिवशी ती मुलगी अकोल्याला आमच्याच रुग्णालयात आली. मला कळले ते नमुन्याच्या डबीवरच्या चिठ्ठीमुळे. आडनाव ओळखीचे, गाव ओळखीचे. काचेवर दाणे उमटले. मी वर वॉर्डात गेलो. हातापायांच्या शिरा सापडत नव्हत्या, म्हणून तिच्या डोक्याचे केस भादरून तिथल्या शिरेत सुई लावली होती. टाळूच्या शेजारी, माय. बोटभर अंतरावर. चार दिवस ती तशी होती आणि मग बरी होऊन घरी गेली. भाबीने येऊन तुला सांगितले ते मी स्वतः ऐकले: "डॉक्टर ने भी तालू के पासइच किया बाई. तुम मुँह से करते थे, उन्होंने ऊपर से किया. बस इत्ताच फरक." तू हसली नाहीस. मीही नाही. तू माझ्याकडे बघितलेसही नाही, आणि ते तुझ्याकडून झालेले सर्वांत मोठे भांडण होते.

पुढे तू अंथरुणाला खिळलीस. शेवटच्या आठवड्यात तुला गिळवत नव्हते. मी वाटी-चमचा घेऊन बसलो होतो. एक चमचा, मग थांबणे. तू डोळे उघडलेस, चमच्याकडे पाहिलेस, आणि म्हणालीस, "उकयला काय?"

मी हसलो, कारण तो विनोद होता. विनोद होता ना? तुझ्या चेहऱ्यावरून मला ठरवता आले नाही, आणि दुसऱ्यांदा विचारण्याची सोय तू ठेवली नाहीस.

असो. त्या अर्ध्या पानाचे काय केले ते सांगतो. पहिले वाक्य लिहिले: टाळू उचलू नये. ते राहणार. स्वर्गातून तू कितीही डोळे वटारलेस तरी राहणार. त्याखाली लिहिले: टाळू खोल गेलेली दिसली तर मूल पाण्यावाचून सुकले आहे असे समजावे, जलसंजीवनी चमच्याने, थांबत थांबत पाजावी, अंगावरचे दूध बंद करू नये, मूल पेंगुळले किंवा पाणी पोटात ठरेनासे झाले तर लगेच दवाखाना गाठावा. आणि मग लिहिले: टाळू उचलणारी बाई गावात असेल तर तिला हाकलू नये. तिच्या हातात साबण, वाटी आणि चमचा द्यावा, आणि मूल मुतेपर्यंत तिला मांडीवरून ते उठवू देऊ नये.

मॅडमनी काल मसुदा वाचला आणि 'मुतेपर्यंत' खाली लाल रेघ मारली. "सर, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. 'मूत्रविसर्जन होईपर्यंत' करू या का?" माय, आयुष्यभर मी पाण्याला जल आणि हगवणीला अतिसार म्हणत आलो. या कार्यालयात चहा संपला तरी मी 'पेयाभाव' असे म्हणतो आणि लोक ते सहन करतात. पण मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही. मुतेपर्यंत." त्या म्हणाल्या, वरिष्ठ आक्षेप घेतील. मी म्हणालो, घेऊ देत. वरिष्ठही त्याच क्रियेने जिवंत आहेत. त्या म्हणाल्या, निदान 'लघवी' करा. मी म्हणालो, धारणीच्या जीपमधून उतरून डोंगर चढणाऱ्या सेविकेने हे वाक्य पाठ करून तिथल्या आदिवासी भाषेत सांगायचे आहे. ते जितके लहान तितके बरे, आणि ज्या बाईचे हे वाक्य आहे तिने ते तपासून वापरलेले आहे. "कुठल्या बाईचं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "संदर्भग्रंथ उपलब्ध नाही." शब्द राहिला की नाही ते सोमवारी कळेल. काढला, तर माझे सगळे भारदस्त मराठी त्यांनी त्या पुस्तिकेतून काढून घ्यावे, असे मी लेखी देणार आहे. आता या विषाणूवर लस निघाली आहे. तान्ह्या मुलांच्या तोंडात तिचे थेंब घालतात. तोंडातूनच, तुझ्यासारखे, हे सुचले तेव्हा तुला सांगावेसे वाटले होते.

पत्र टाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही. टपालखात्याला मी आणखी त्रास देऊ इच्छित नाही, आणि वाचून दाखवायला मला तुझ्यासमोर बसावे लागले असते, ते आज जमणार नाही. कारण एक गोष्ट उरली आहे. रोगाच्या मार्गाविषयी मी तुला जे सांगितले त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता: विष्ठेतून हाताला, हातातून तोंडाला, बोटावरून आला. कुणाच्या, एवढेच मी ठरवून टाकले होते.

त्या सोमवारी अकोल्यात पाणी आलेले नव्हते. तिथे आठवडा-आठवडा नळ येत नसत, आणि प्रयोगशाळेतली टाकी दुपारीच संपली. दिवसभर काचा दाणेदार होत होत्या. हातमोज्यांची एकच जोडी, तीही अंगठ्याशी फाटलेली. गाडीची वेळ झाली. मी हात रुमालाला पुसले आणि निघालो. घरी दारात पोर रांगत आली. मी तिला तशीच उचलली. तिचे दात शिवशिवत होते, तिने माझे बोट पकडून तोंडात घातले आणि चावत बसली, आणि मला ते इतके गोड वाटले की मी बोट काढून घेतले नाही.

तू आतून विचारलेस, "हात धुतले काय रे?"

मी हो म्हणालो.